गाडी पूर्ण आली का?

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला आम्ही एकदा बरोबर एक आठवडा आधी, नटूनथटून, सहकुटुंब जाऊन पोहोचलो होतो. सभागृहात केरळी मंडळींचं कसलंसं स्नेहसंमेलन चालू होतं. त्यांनी आग्रहाने बसवून जेवायला घातलं, ती गोष्ट वेगळी. पण रुसैलला परत येईपर्यंत आमच्या सौ. एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हा विसरभोळेपणावर लिहायचा आम्हांला अधिकार आहे, याबद्दल निदान जुन्या सभासदांच्या मनात शंका नसावी.

पण आज लिहायला बसलो ते स्वतःच्या विसरण्याबद्दल नव्हे, तर वडिलांच्या. म्हणजे बसताना तरी तसं वाटलं होतं. पुढे गाडीने रूळ बदलले, ते येईलच ओघात.

आमचे वडील, आम्ही त्यांना पप्पा म्हणतो, रेल्वेत गार्ड होते. त्यांची बहुतेक नोकरी दौंड–मनमाड मार्गावर गेली. १८७८ साली सुरू झालेला हा मार्ग. आमचं गाव या मार्गावरचंच, अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकले आणि तिथेच पुढे शिक्षक झाले. परदेशात नव्या ओळखी होतात तेव्हा "तुम्ही ख्रिश्चन? मग मराठी इतकं चांगलं कसं?" असं विचारणारं कोणीतरी भेटतंच. त्यांना आम्ही हसून सांगतो की अहो, १८४२ साली ज्या गावातून 'ज्ञानोदय' निघालं, त्या गावचे आम्ही. आम्हांला मराठी येणार नाही तर कोणाला?

लहानपणी आम्हांला वाटे की गाडी चालवतो तो ड्रायव्हर मोठा माणूस, आणि आपले पप्पा मागच्या डब्यात बसून नुसते झेंडे हलवतात. एकदा तसं बोलूनही दाखवलं. पप्पा रागावले नाहीत. म्हणाले, "बाळ, ड्रायव्हरला पुढचं दिसतं. मागे काय सुटलं ते त्याला कळत नाही. ते बघायला आम्ही असतो."

मग त्यांनी शेवटच्या डब्यामागे लावलेली 'एल.व्ही.' अशी अक्षरं असलेली पाटी दाखवली. लास्ट व्हेईकल, म्हणजे शेवटचा डबा. गाडी स्टेशनातून जाते तेव्हा स्टेशनवरचा माणूस ही पाटी डोळ्यांनी बघतो. रात्री पाटीऐवजी लाल दिवा. पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली. नाही दिसली तर समजायचं की मधे कुठेतरी जोड तुटला आहे, काही डबे मागच्या रुळांवरच उभे आहेत, आणि मग त्या रुळांवर दुसरी गाडी सोडायची नाही. इतकी साधी युक्ती! पुढे इंजिनिअर झालो, सुरक्षेच्या नाना यंत्रणा पाहिल्या, स्वतः बसवल्याही. पण एका पाटीवर इतके जीव सांभाळणारी दुसरी यंत्रणा आमच्या पाहण्यात नाही.

ड्यूटीवरून घरी आल्यावर पप्पा दारातूनच आईला विचारायचे, "गाडी पूर्ण आली का?" म्हणजे आम्ही भावंडं शाळेतून, खेळातून सगळी घरी आलो का. आई आतून म्हणायची, "पूर्ण आली." मग पप्पा बूट काढायचे.

२००४ साली आम्ही एम.एस्सी. करायला मँचेस्टरला गेलो. पहिल्याच फोनवर पप्पांनी विद्यापीठाबद्दल काही विचारलं नाही. म्हणाले, "ते लिव्हरपूल रोडचं स्टेशन पाहिलंस का?" तेव्हा आम्हांला कळलं की १८३० साली लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, तिचं ते मूळ स्थानक अजून जपून ठेवलं आहे. पप्पांनी हे कुठेतरी वाचून तीस वर्षं लक्षात ठेवलं होतं. पुढच्या सुट्टीत जाऊन आम्ही त्या जुन्या इमारतीसमोर उभे राहिलो आणि त्यांना एक चित्रकार्ड धाडलं. "इथून आपल्या बोरीबंदर–ठाण्याला यायला गाडीला तेवीस वर्षं लागली," असं पप्पांचं उत्तर आलं. १८५३ वजा १८३०, बरोबर तेवीस!

असा हा माणूस. आई गेल्यावर त्यांचे डबे एकेक करून सुटायला लागले. आधी औषधांच्या वेळा, मग शेजाऱ्यांची नावं, मग शेजारी. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असं निदान केलं. बहीण श्रीरामपूरला असते. तिच्यावर सगळा भार नको, म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही पप्पांना इकडे रुसैलला घेऊन आलो.

रुसैल म्हटलं की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे कारखाने येतात. १९८३ साली स्थापन झालेली ही ओमानची पहिली औद्योगिक वसाहत. पण पप्पांना कारखान्यांशी काही देणंघेणं नव्हतं. खिडकीतून रस्ता दिसतो म्हणून ते खूष होते. बुर्ज अल् सहवापासून निघून समाईलच्या खिंडीतून निझवाला जाणारा हा रस्ता. आम्ही त्यांना सांगितलं की १९७० साली या अख्ख्या देशात डांबरी रस्ता होता फक्त सुमारे दहा किलोमीटर! आतल्या भागात जायचं तर उंटाच्या पाठीवर दिवसच्या दिवस. आज निझवाला दीड तासात पोहोचतो. पप्पांनी विचारलं, "आणि मुंबईहून?" म्हटलं, बोटीने. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून कराचीमार्गे मस्कतला येत. शेवटची 'द्वारका' १९८२ मध्ये बंद झाली. आता विमानाने तीन तास लागत नाहीत.

"आणि रेल्वे?"

"रेल्वे नाही, पप्पा. सोहार ते अबू धाबी मार्गाचं काम चालू आहे."

"बघ," ते म्हणाले, "अजून गार्डाला नोकरी आहे इथे." २०२२ पासून आपल्याकडे गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, हे त्यांना सांगायचं आम्ही टाळलं.

अडचण फक्त एकाच गोष्टीची झाली, वाराची. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे मोठी उपासना शुक्रवारी. रुवीला आणि घलाला, सुलतान काबूस यांनी दिलेल्या जागेवर, चर्चची आवारं आहेत. तिथे एकाच आवारात किती भाषांतून प्रार्थना चालतात हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावं. आम्ही घलाला जातो. पप्पा म्हणायचे, "आज रविवार ना?" आम्ही म्हणायचो, "इथे शुक्रवारीच रविवार असतो." ते मान डोलवायचे, आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारायचे.

चर्चमध्ये मात्र वेगळीच गंमत. इंग्रजी उपासना चालू असताना पप्पा आपलं 'उपासना संगीत' मांडीवर उघडं ठेवून बसत आणि मधेच रेव्हरंड टिळकांचं भजन गुणगुणायला लागत. नातीचं नाव न आठवणाऱ्या माणसाला कडव्यामागून कडवं येत असे. पुस्तकाचं पान उलटायचीसुद्धा गरज नसे. पहिल्यांदा आम्हांला संकोच वाटला. पण पुढच्या बाकावरच्या एका नायजेरियन बाई मागे वळून, शब्द न कळता, ठेका धरू लागल्या. मग आम्हीही सोडून दिलं.

ना. वा. टिळकांची गोष्ट पप्पांनी आम्हांला लहानपणी गार्डाच्या डब्यातच सांगितली होती. त्यांच्या दृष्टीने ती रेल्वेचीच गोष्ट! १८९३च्या सुमाराला टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. संस्कृत काव्यापासून गप्पा सुरू झाल्या. उतरताना त्याने टिळकांना नवा करार भेट दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. गाडी आणि पूल, पप्पांना आणखी काय हवं?

लहानपणी आम्ही विचारलं होतं, "त्या गोऱ्या माणसाचं नाव काय?" पप्पा म्हणाले, "गोष्टीत नाव येत नाही. पुस्तक राहिलं, नाव राहिलं नाही."

टिळकही आमच्याच जातकुळीतले विसराळू. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं आहे त्यांना हे सांगायला नको. हातात आलेला पैसा कुठे गेला, घरातून निघालो ते कशासाठी, याचा त्यांना पत्ता नसे. पण मौज बघा. ते सगळं आज आपल्याला ठाऊक आहे ते लक्ष्मीबाईंमुळे. ज्यांना नवऱ्याने लिहायला-वाचायला शिकवलं, त्या बाईने साठी उलटल्यावर सगळा संसार आठवून लिहिला. विसराळू नवऱ्याची आठवण बायकोने ठेवली! ड्रायव्हर पुढे बघत राहिला, आणि गार्डाने डबे मोजले.

तर आता ज्याच्यासाठी हा लेख, ती गोष्ट.

जानेवारीत आमच्या कारखान्यात वार्षिक शटडाऊन होता. शटडाऊन म्हणजे काय ते इथल्या अर्ध्या सभासदांना ठाऊक आहे. दिवस-रात्र, शुक्रवार-सोमवार सगळं एकच. ओळीने तीन शुक्रवार आम्ही चर्चला गेलो नाही. पहिल्या शुक्रवारी "पप्पा, पुढच्या वेळी नक्की" असं म्हणालो. दुसऱ्या शुक्रवारी तेच म्हणालो. तिसऱ्या शुक्रवारी म्हणायचंही विसरलो. मनात कुठेतरी असंही होतं, की त्यांना वार कुठे कळतो? आठवण राहतेय कुणाला? हे लिहिताना आज लाज वाटते. पण होतं, ते सांगितलं पाहिजे.

त्यानंतरचा रविवार. इथला कामाचा पहिला दिवस. सकाळी साडेनऊला कारखान्यात सौ.चा फोन आला. "पप्पा घरात नाहीत." त्या अंघोळीला गेल्या होत्या तेवढ्यात. कपाट उघडं होतं. कोट नव्हता, टाय नव्हता, आणि टेबलावरचं 'उपासना संगीत' नव्हतं.

त्यांना वार कळला होता. आयुष्यभर पाळलेला रविवार त्यांनी ओळखला होता आणि कोणी नेत नाही म्हणून स्वतःच चर्चला निघाले होते. घला तिथून वीसेक किलोमीटर! मधे हमरस्ता, त्यावरून सुसाट जाणारे ट्रेलर. आम्ही हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून गाडी काढली. दोन तास फिरलो. पेट्रोलपंप, मशीद, किराणा दुकानं, सगळीकडे मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या अरबीत विचारलं. पप्पांच्या खिशात ना पत्ता, ना फोन नंबर. साध्या पंपाला आम्ही नाव-गाव लिहिलेली पाटी ठोकतो. वडिलांच्या खिशात चिठ्ठी ठेवायचं सुचलं नाही.

पप्पा सापडले ते वसाहतीच्या एका फाटकाशी. माल भरायला थांबलेल्या ट्रेलरची रांग होती. एका ट्रेलरच्या सावलीत, उलट्या क्रेटवर, कोट-टाय घातलेले पप्पा ताठ बसले होते. एका हातात चहाचा पेला. मांडीवर पुस्तक, पुस्तकावर एक जुना लिफाफा, आणि त्या लिफाफ्यावर ते ट्रेलरचे नंबर उतरवून घेत होते. डबे मोजत होते!

शेजारी स्टोव्ह मांडून ट्रेलरचा ड्रायव्हर बसला होता. पांढरी दाढी, खांद्यावर रुमाल, बोलण्यावरून पेशावरकडचा असावा. म्हणाला, "बाबा गिरजाघर का रास्ता पूछ रहे थे। मैंने कहा बैठो, कोई लेने आएगा।" आम्ही पाहिलं, रांग त्याच्या पुढून सरकली होती. मागचे ट्रेलर त्याला वळसा घालून आत चालले होते. म्हाताऱ्याला एकटं टाकून जायला नको म्हणून त्याने आपला नंबर सोडला होता. किती वेळ, ते विचारायचं धैर्य आम्हांला झालं नाही. ट्रेलरवाल्याचा नंबर गेला म्हणजे दिवसाची कमाई गेली, हे आम्ही कारखान्यात रोज बघतो.

पैसे पुढे केले ते त्याने घेतले नाहीत. "मेरा भी बाप था," इतकंच म्हणाला. आम्ही त्याचा हात हातात घेतला, काहीतरी पुटपुटलो, पप्पांना गाडीत बसवलं आणि घरी आलो. सौ.नी विचारलं, "नाव काय त्यांचं?"

नाव विचारायचं आम्ही विसरलो होतो. फोन नंबर नाही, ट्रेलरचा नंबर नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी फाटकाशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. ट्रेलर म्हणजे वाहतं पाणी. कोण कुठला, कोण सांगणार?

मग आठवण झाली त्या लिफाफ्याची. पप्पांनी त्यावर अकरा नंबर लिहिले होते. गार्डाच्या वहीत लिहावेत तसे, एकाखाली एक, स्वच्छ अक्षरांत. त्यांतला एक नंबर त्या माणसाचा असणार. कुठला, ते कळायला मार्ग नव्हता. पप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "कोण माणूस?" ते सगळं विसरले होते. पण नोंद त्यांनी केली होती, आणि शाबूत स्मरणशक्तीचे आम्ही मात्र काहीच न घेता आलो होतो.

त्या रात्री झोप लागली नाही. आगगाडीतला तो अनोळखी प्रवासी राहून राहून आठवत होता. त्याच्या हातून पुस्तक आलं, नाव आलं नाही. आमच्या ट्रेलरवाल्याचंही तसंच. तो मुसलमान, आम्ही ख्रिस्ती; गिरजाघरात तो बहुधा कधी गेलाही नसेल, पण पप्पांना तिथे जायचं आहे हे त्याने मनावर घेतलं. आम्ही तीन शुक्रवार घेतलं नव्हतं. विश्वास म्हणजे वचनं पाठ असणं असं आम्ही लहानपणी संडे-स्कूलमध्ये समजत होतो, आणि पाठांतरात बक्षिसंही मिळवली होती. पप्पांची वचनं एक दिवस जातील, भजनंही जातील. मग काय उरेल, ही भीती आम्हांला मनातून खात होती. यशयाच्या ग्रंथात देवाने आपल्या माणसांना तळहातावर कोरून ठेवल्याचं वचन आहे. ते शंभरदा ऐकलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं, की त्यात माणसाने काय लक्षात ठेवायचं याबद्दल चकार शब्द नाही. लक्षात ठेवण्याचं काम दुसऱ्या कोणीतरी अंगावर घेतलं आहे. आणि ते काम तो कधी बायकोकडून करून घेतो, कधी पेशावरच्या ट्रेलरवाल्याकडून. मुलाकडूनही घेतो, मुलगा जागेवर असला तर.

पुढच्या शुक्रवारी शटडाऊन संपलेला नव्हता. आम्ही साहेबांना सांगून घलाला गेलो. कारखाना बंद पडला नाही. मुळात तो बंदच होता म्हणा! त्या रात्री घरच्या प्रार्थनेत आमच्या लेकीने लिफाफा हातात घेऊन अकराच्या अकरा नंबर मोठ्याने वाचले. "कुठला ते देवाला माहीत आहे ना, मग सगळेच वाचू," ती म्हणाली. पप्पा मन लावून ऐकत होते. शेवटचा नंबर झाल्यावर "आमेन" न म्हणता "बरोबर" म्हणाले. तेव्हापासून दर शुक्रवारी ते अकरा नंबर आमच्या घरात वाचले जातात. लिफाफा 'उपासना संगीता'तच असतो.

मार्चमध्ये उन्हाळा सुरू व्हायच्या आत पप्पांना श्रीरामपूरला पोहोचवलं. गाव श्रीरामपूर, पण स्टेशनचं नाव बेलापूर. स्टेशन आलं तेव्हा आम्ही श्रीरामपूरची पाटी शोधत बसलो होतो, आणि पप्पा आधीच उठून दाराशी उभे होते. आता बहिणीकडे असतात. शुक्रवारी आम्ही फोन करतो. ती फोन त्यांच्या कानाशी धरते. आवाज ते ओळखत नाहीत. "कोण बोलतंय?" असं विचारतात. आम्ही नाव सांगतो, ते "असं का" म्हणतात. मग थोडा वेळ शांतता, आणि मग तो प्रश्न येतो, "गाडी पूर्ण आली का?"

आम्ही एकदा घरात नजर फिरवतो. सौ. आहेत, लेक आहे, लिफाफा जागेवर आहे.

"पूर्ण आली, पप्पा."

मंडळी, आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील हिवाळ्यात इकडे येतात. त्यांच्या खिशात नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, इंग्रजीत आणि अरबीत. आजच ठेवा, उद्यावर टाकू नका, आपण विसरतो. आणि कोणी अनोळखी माणूस त्यांच्याजवळ थांबला, तर आभार मानायच्या गडबडीत त्याचं नाव विचारायला चुकू नका.